भाडेकरारात शाकारणी

"कॉलेज रोड सोडून गावात ऑफिस कशाला नेलंस?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, क्लायंटनी विचारला, बँकेतल्या ओळखीच्यांनी विचारला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नाशकात 'गावात' म्हणजे जुन्या नाशकात. मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली, तिवंधा आणि त्यांना जोडणाऱ्या चढउताराच्या गल्ल्या. तिथे खरेदीला जायचं, गणपती बघायला जायचं आणि परत फिरायचं, अशी आता सगळ्यांना सवय झालीय. उभ्या उभ्या उत्तर देऊन कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. ज्यांचा गावातला वाडा कुलूप लावून पडलाय आणि ज्यांना अशा वाड्यात जागा भाड्याने घ्यायचीय, त्या दोघांच्या कामाचं आहे.

मी करसल्लागार आहे. माझ्यासकट सहा माणसांचं ऑफिस. २०२३ साली कॉलेज रोडवरच्या जागेची मुदत संपत आली. चौथा मजला, पश्चिमेला अख्खी काच. दुपारी तीननंतर पडदे ओढून ट्यूबलाइट लावायच्या आणि एसी वाढवायचा. मालकाने नव्या करारात भाडं एकदम वाढवून मागितलं. दिलं असतं, पण दर दुपारी पडदे ओढताना माझं डोकं दुखायचं, आणि आमच्या अकाउंटंट मुलीने एकदा सहज म्हटलं, "मॅडम, इथे पाऊस पडतोय की नाही ते पण कळत नाही." ते माझ्या मनात राहिलं.

एजंटने गंगापूर रोड, इंदिरानगर, शरणपूर रोड असं सगळीकडे फिरवलं. जागा बऱ्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "ताई, गावात एक वाडा आहे, पेशवेकालीन. मालकाने नुकताच दुरुस्त केलाय. वर-खाली एकेक खोली ऑफिसला द्यायचीय. बघणार का?"

माझं आजोळ गावातलं. आजोबांचा वाडा मी दहावीत असताना बिल्डरला गेला. त्या जागी आता चार मजली अपार्टमेंट आहे, खाली मोबाइलची दुकानं. मी लगेच हो म्हटलं, आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं की आठवणींच्या भरात सही करायची नाही.

वाडा मेन रोडच्या मागच्या अंगाला, चढावरच्या एका गल्लीत आहे. रविवार कारंजावरून चालत सात-आठ मिनिटं. मोठ्या दरवाजाला छोटी दिंडी, म्हणजे वाकून जायचं लहान दार, आत देवडी, म्हणजे दरवाजामागची ओसरी, मग फरसबंद चौक. चौकात तुळस आणि झाकलेला आड. खांब सागवानी, खाली दगडी तळखडे. मालक काका बाहत्तर वर्षांचे, काकूंसह मागच्या सोप्यात राहतात. त्यांनी दाखवायला सुरुवात केली ती खोल्यांपासून नाही, छपरापासून. माडीवर नेऊन एक सुटं कौल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे बघा, मंगलोरी आहे. मागच्या बाजूला ठसा बघा."

मी एजंटकडे बघितलं. बासेल मिशनने मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि पेशवाई संपली १८१८ मध्ये. म्हणजे निदान छप्पर तरी पेशव्यांचं नाही. खालचा दगडी जोता आणि देवडी जुनी असू शकते, छप्पर नंतर बदललेलं असू शकतं. काकांनाही ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "आम्ही शंभर-सव्वाशे वर्षं म्हणतो. पेशवाई एजंट लोकांची." तिथेच मला या माणसाबद्दल विश्वास वाटला. जो आपल्या वाड्याचं वय वाढवून सांगत नाही, तो गळतीही लपवणार नाही असं मला वाटलं.

गावात जागा घ्यायची तर पहिला प्रश्न गोदावरीचा. नाशिककर पुराची उंची नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. मोठ्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल इथल्या दुकानांत पाणी शिरतं. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर माझ्या डोळ्यांसमोरचे आहेत. २ ऑगस्ट २०१६ ला माझ्या एका क्लायंटच्या भांड्यांच्या दुकानातली वर्षभराची बिलबुकं चिखलात गेली होती, ती आम्ही घरी गच्चीवर एकेक पान सुटं करून वाळवली. त्यामुळे काकांना मी आधी हेच विचारलं. त्यांनी देवडीच्या पायऱ्या दाखवल्या. "एकोणसत्तरच्या पुराच्या वेळी मी शाळेत होतो. पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, आमच्या पायरीला लागलं नाही." मी तेवढ्यावर थांबले नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराला आणि समोरच्या आजींना वेगवेगळं विचारलं. दोघांनी तीच खूण दाखवली. गावात कोणतीही जागा घेण्याआधी हे करा. कागदावर न मिळणारी माहिती समोरच्या ओट्यावर बसलेली असते.

मग मोजमाप. वाड्याच्या भाड्यात सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून आकडेच देते. आमच्या दोन खोल्या एकावर एक आहेत. प्रत्येक खोली आतून १२ बाय ३० फूट, म्हणजे ३६० चौरस फूट. तीन बाजूंच्या भिंती दोन-दोन फूट जाड, चौकाकडची लाकडी आडभिंत अर्धा फूट. तीच खोली बाहेरून मोजली तर साडेचौदा बाय ३४, म्हणजे ४९३. एका खोलीमागे १३३ चौरस फूट निव्वळ भिंतीत. एजंटने भाडं बिल्टअपवर, म्हणजे भिंती धरून बाहेरच्या मापावर सांगितलं होतं, फुटाला ३६ रुपये. दोन खोल्यांच्या भिंतींचं भाडं महिन्याला साडेनऊ हजार झालं असतं. काँक्रीटच्या इमारतीत भिंती सहा-नऊ इंचाच्या असतात, तिथे हा फरक एवढा टोचत नाही. मी टेप धरून काकांसमोरच मोजलं आणि म्हटलं, आतल्या मापावर दर लावा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भिंती माझ्या आहेत, त्यांचं भाडं तुम्ही कशाला द्यायचं." ७२० फूट, महिना २६,००० वर ठरलं.

त्या जाड भिंतींचा फायदा मात्र आम्हाला फुकट मिळतो. पहिल्या एप्रिलमध्ये मी खालच्या खोलीत थर्मामीटर टांगला. बाहेर चाळीस अंश, आत एकतीस. खाली पंखे पुरतात. वरची खोली कौलांखाली आहे, ती दुपारी तापते, तिथे एसी लागतोच. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी वर बसतो आणि जेवणानंतर लॅपटॉप घेऊन खाली येतो. काकू म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईही निवडणं-टिपणं असंच करायच्या, सकाळी माडीवर, दुपारी माजघरात.

आता लाकडाचं. काका म्हणाले दुरुस्ती पक्की केलीय, तरी मी माझ्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन गेले. सोबत काकांचे सुतार मिस्त्री होते. वय साठीच्या पुढे, हातात बटाट्याएवढ्या डोक्याची हातोडी. त्यांनी माडीखालची प्रत्येक तुळई टोकाकडून टोकाकडे ठोकत नेली. निरोगी सागवान खणखणीत वाजतं. एका तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी आवाज एकदम बसला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मिस्त्री थांबले, पटाशीने बोटभर लाकूड उचकटलं. आत वाळवीने खाऊन मातीच्या बारीक नळ्या केल्या होत्या. लाकूड भिंतीत शिरतं तिथे ओल धरते आणि वाळवी तिथूनच वर चढते, म्हणून मधला भाग कितीही चांगला दिसला तरी टोकं ठोकायची, असं त्यांनी मला समजावलं. दुरुस्तीत हे टोक सुटलं होतं. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, हे झाल्याशिवाय किल्ली घेऊ नका." कुजलेला भाग कापून नव्या सागाचा तुकडा सांधला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या. दीड महिना गेला.

इंजिनिअरने दुसरा प्रश्न मला विचारला: "तुमच्या फायलींचं वजन किती?" पंधरा वर्षं त्या फायली हाताळत होते, हे कधी मनात आलं नव्हतं. कॉलेज रोडच्या ऑफिसात एक बॉक्स फाइल काट्यावर ठेवली, एक किलो आठशे ग्रॅम. एका कपाटात पाच खण, खणात २२ फायली. ११० फायलींचे १९८ किलो, रिकामं कपाट साठ, म्हणजे अडीचशेच्या वर. एवढं वजन तीन बाय दीड फुटांवर उभं. इंजिनिअरने गणित केलं तर चौरस मीटरला सहाशे किलोच्या आसपास. साध्या ऑफिसची जमीन चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलो धरून आखतात, आणि इथे तर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. आमच्याकडे अशी अकरा कपाटं होती.

उपाय निघाला. आमच्या माडीच्या कड्या बारा फुटांच्या रुंदीत आडव्या गेल्यात. जड वस्तू भिंतीलगत, कडीच्या टोकाशी ठेवली तर वजन सरळ भिंतीत उतरतं. खोलीच्या मधोमध ठेवली तर कडी लवते. म्हणून वर फक्त दोन कपाटं, तीही लांब भिंतीला चिकटून. बाकीची खाली, दगडी फरशीवर. तरीही अकरा मावत नव्हती, मग आम्ही फायलीच कमी केल्या. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आयकराचे हिशेब तेव्हाच्या नियमाने संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं. त्याच्या मागचं सगळं क्लायंटना फोन करून परत दिलं. अकराची सात कपाटं झाली.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ही कामं कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाहीत. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डवर अजून काकांच्या वडिलांचं नाव होतं. काका तीन भाऊ. वारसनोंद होऊन तिघांची नावं लागेपर्यंत मी थांबले. पुण्याच्या आणि अमेरिकेतल्या भावांकडून कुलमुखत्यारपत्र घेतलं, आणि भाडं तिघांच्या खात्यात हिश्श्याप्रमाणे जातं. महापालिका दर पावसाळ्याआधी गावातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. या वाड्यालाही दुरुस्तीआधी मिळाली होती, म्हणून दुरुस्तीनंतरचा स्ट्रक्चरल दाखला मागून घेतला. राहत्या घराची घरपट्टी व्यवसायासाठी वापरल्यावर वाढते, तो वाढीव फरक मी भरते. वीज वाणिज्य दराची, मीटर वेगळा. आणि किल्ली घेण्याआधी माझी एक अट होती की बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह हवं. जुन्या वाड्यांत हे मागच्या अंगणात असतं आणि पावसात छत्री घेऊन जावं लागतं. माझ्याकडे चार मुली काम करतात. काकूंनी ही अट काकांच्या आधी मान्य केली.

करार लीव्ह अँड लायसन्सचा, ६० महिन्यांचा. 'भाडेकरू' हा शब्दच काकूंना नको होता. त्यांच्याकडे खालच्या दोन खोल्यांत एक कुटुंब चाळीस रुपये महिन्याने वर्षानुवर्षं राहिलं होतं, आणि शेवटी पैसे देऊन जागा सोडवावी लागली होती. गावातले कितीतरी वाडे याच भीतीने कुलूपबंद आहेत. चाळीस रुपयांत कौलं बदलत नाहीत, मग मालक दुरुस्ती सोडून देतो आणि वाडा पावसात बसतो. लीव्ह अँड लायसन्समध्ये जागेचा ताबा कायद्याने मालकाकडेच राहतो, आपल्याला फक्त वापरायची परवानगी असते, हे मी काकूंना दोनदा सांगितलं. आणि नोंदणी करायला लावली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाड्याने घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात. हे ऐकल्यावर काकूच म्हणाल्या, "मग करूनच टाका." मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं १० टक्के दराचं वार्षिक व्याज मिळून ०.२५ टक्के. आमची अनामत दीड लाख, भाडं वर्षाला ५ टक्के वाढणारं. पाच वर्षांचे साडेचार हजार झाले, वर नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी लोक कच्च्या कागदावर वर्षं काढतात, याचं मला वाईट वाटतं.

पण करार करून देणाऱ्याने आणलेला मसुदा तयार छापाचा होता. त्यात फॉल्स सीलिंग होतं, लिफ्ट होती, सोसायटी मेंटेनन्स होता. वाड्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. छपराचं पाणी वाहून नेणारी पन्हळ कोणी साफ करायची, कौलं कोणी शाकारायची, म्हणजे पावसाळ्याआधी नीट बसवून घ्यायची, भिंतीला काय लावायचं नाही, कुठे ठोकायचं नाही, काहीच नाही. वाडा बिघडतो तो याच गोष्टींनी. मी त्या रात्री बसून वेगळं परिशिष्ट लिहिलं. दोन पानांचं. मला विचाराल तर आमच्या करारात खरा जीव त्या दोन पानांत आहे.

भिंतींचं कलम मिस्त्रींच्या शब्दांत आहे. वाड्याच्या भिंती मातीच्या आणि विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. दुरुस्तीत कळीचा चुना महिनाभर पाण्यात मुरवला होता, मग वाळू, विटांची सुर्खी, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा चिकट गर घालून घोटला होता. असा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. देवडीच्या एका कोपऱ्यात वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी सिमेंट फासलं होतं. तिथे हात फिरवला की पांढरी पूड बोटांना लागते, लोणा. ओल सिमेंटमागे अडकली, क्षार वर आले आणि पोपडे निघाले. म्हणून परिशिष्टात लिहिलं की भिंतीला सिमेंट नाही, प्लास्टिक पेंट नाही, फक्त चुना. वायर भिंत खोदून न्यायची नाही, वरून पट्टीतून न्यायची. खिळा ठोकायचा तर आधीच्या खुंट्यांच्या जागी. खांब आणि तुळयांना ड्रिल लावायचं नाही.

हे लिहूनसुद्धा चूक झाली, आणि माझ्या देखत नाही म्हणून मला जास्त लागली. वरचा एसी बसवायला आलेल्या माणसाने पाइपसाठी तुळईलाच भोक पाडायला घेतलं. काकूंना ड्रिलचा आवाज वेगळा वाटला, त्या गुडघे दुखत असताना जिना चढून वर आल्या आणि त्याला थांबवलं. दीड इंच आत गेलं होतं. मिस्त्रींनी सागाची खुंटी करून ते भोक बुजवलं. मी काकूंची माफी मागितली. तेव्हापासून बाहेरचा कोणीही कारागीर आला की आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर वर उभा राहतो.

गावात ऑफिस चालवायचं तर गावाचं पंचांग पाळावं लागतं. २०२४ ची रंगपंचमी ३० मार्चला आली. नाशकात रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद, वर्षभर लाकडी ओंडके आणि मातीने झाकलेला. त्या दिवशी तो रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात उड्या घेतात. तिवंध्याचा रस्ता दिवसभर माणसांनी भरलेला, आणि आमच्याकडे ३१ मार्च दुसऱ्या दिवशी. कॉलेज रोडला असते तर कळलंही नसतं. आम्ही सकाळी सहाला आलो, दिंडी आतून लावून अकरापर्यंत काम उरकलं. मग मुली खाली उतरल्या आणि पिवळ्या होऊन परत आल्या. माझ्या टेबलाच्या पायाला तो पिवळा हात अजून आहे, मी पुसू दिला नाही.

गाडीने येणाऱ्या क्लायंटची अडचण होते हे मान्य आहे. अंबड-सातपूरचे कारखानदार गाडी भालेकर मैदानाकडे लावून रिक्षाने येतात. दोन क्लायंट यामुळे गेले. म्हाताऱ्या क्लायंटना भिंतीतला उंच पायऱ्यांचा जिना चढवत नाही, म्हणून भेटी सगळ्या खाली. उलट सराफ बाजारातले, मेन रोडचे कापडवाले आता चालत येतात, वह्या काखेत घेऊन, आणि दिवाळीआधीचं काम सप्टेंबरमध्येच आणून देतात. माझा हिशेब जुळला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक बदल आला. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि घेणारा नोंदलेला असेल, तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर १० ऑक्टोबरपासून घेणाऱ्याने रिव्हर्स चार्जने भरायचा. वाड्यांचे मालक सहसा नोंदलेले नसतात, त्यामुळे गावातल्या जागांना हा नियम हटकून लागतो. तेव्हा भाडं २७,३०० झालं होतं, म्हणजे महिन्याला ४,९१४ रुपये आधी रोखीने भरायचे आणि मग क्रेडिट घ्यायचं, म्हणजे आपल्या भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा करायचे. मला क्रेडिट मिळतं. ज्यांच्या सेवेवर जीएसटीच नाही, त्यांना हे पैसे परत मिळत नाहीत, त्यांनी भाडं ठरवतानाच हा आकडा धरावा.

आता पन्हळीकडे येते. परिशिष्टात शाकारणीचं कलम असं होतं: रोहिणी नक्षत्र संपायच्या आत मालकाने कौलं शाकारून घ्यावीत, फुटकी बदलावीत, दोन उतारांमधली पन्हळ साफ करावी. २०२४ च्या मे महिन्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते अंथरुणात, काकू त्यांच्या सेवेत. मला वाटलं मिस्त्री येऊन गेले असतील. काकांना वाटलं मी बोलावलं असेल. जुलैत एका रात्री मुसळधार पडला. सकाळी वरची खोली उघडली तर भिंतीलगतच्या कपाटावर धार लागली होती. पन्हळीत पारव्यांनी घरटं केलं होतं, त्यावर पिंपळाची पानं साचून बंधारा झाला होता, आणि पाणी उलटं कौलांखाली शिरलं होतं. सत्तर-ऐंशी फायली भिजल्या. आम्ही चौकाच्या ओसरीत दोऱ्या बांधून कागद वाळत घातले, २०१६ मध्ये गच्चीवर घातले होते तसेच. काका काठी टेकत ओसरीपर्यंत आले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. पण कलम चुकीचं होतं हे कळलं. बाहत्तर वर्षांच्या माणसावर छपराचं काम टाकायचं आणि आपण खाली निवांत बसायचं, हे मी लिहिलंच कसं, असं वाटत राहिलं.

ऑगस्टमध्ये आम्ही ते कलम बदललं, पुरवणी करार नोंदवला. आता शाकारणी आम्ही करून घेतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, याच मिस्त्रींकडून, काकांना आधी सांगून. खर्चाची पावती त्यांना देतो आणि तेवढी रक्कम जूनच्या भाड्यातून वळती करतो. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला, भाडं पाठवायच्या दिवशी, आमच्यातलं कोणीतरी शिडी लावून पन्हळ बघतं आणि फोटो काकांना पाठवतं. शंभर जादा कौलं मागच्या अंगणात रचून ठेवलीत. २०२५ च्या पावसाळ्यात वरची खोली कोरडी राहिली. काका म्हणतात, वडील गेल्यापासून इतक्या वेळेवर शाकारणी कधी झाली नव्हती.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या खालच्या वाड्याचा मुलगा भेटायला आला. मुंबईत नोकरी करतो, आईवडील गेले, वाडा तीन वर्षं बंद आहे, बिल्डर मागे लागलाय. त्याने आमच्या परिशिष्टाची झेरॉक्स मागितली. मी दिली, काकांना विचारून. मग त्याने विचारलं की त्याची माडी एखाद्या ऑफिसला चालेल का. रविवारी सकाळी मी आणि मिस्त्री तिथे जाणार आहोत. मी टेप घेणार, मिस्त्री हातोडी घेणार, आणि काका म्हणालेत की त्यांनाही यायचंय, फक्त जिना किती उंच आहे ते आधी बघून सांगा.